बारावीनंतर मायक्रोबायोलॉजी घेऊन हॉस्पिटल लाईनमध्ये जाता येते का? (नागपूर)

संत्री_बर्फी: नमस्कार, मी यंदा बारावी पीसीबी, नीटचा स्कोअर एमबीबीएस सोडा बीडीएसच्याही आसपास नाही अन् ड्रॉप घ्यायला घरचे तयार नाहीत. माझी आत्या अमेरिकेत असते, ती म्हणते कोणत्याही विषयात डिग्री कर, मेडिकलचं नंतर पाहता येते. बाबा म्हणतात हिस्लॉप कॉलेजला मायक्रोबायोलॉजी घेऊन टाक. मला पेशंटसोबतच काम करायचंय. खूप कन्फ्युज होऊन राहिली, सीनियर लोकांनी सांगा प्लीज.

लॅबवाला_दादा: आत्या तिकडचं बरोबरच सांगून राहिली, तिकडे आधी चार वर्षांची डिग्री, मग एमकॅट नावाची प्रवेश परीक्षा, मग मेडिकल स्कूल, त्यामुळे इतिहास घेतलेला पोरगाही ठरलेले सायन्सचे कोर्स करून डॉक्टर होतो. इकडे एमबीबीएस बारावीवरच, बीएस्सी करून आली तरी तीच नीट द्यावी लागते अन् डिग्रीचा एक मार्क वाढून मिळत नाही. राहिलं मायक्रोबायोलॉजी, तर मी स्वतः एमएस्सी केलंय, धंतोलीत एका लॅबला आहे. काम आवडते मला, मॅककॉन्कीच्या (जिवाणू वाढवायच्या) प्लेटवर गुलाबी कॉलनी उठली की ई. कोलाय जिवाणू असेल का म्हणून आजही उत्सुकता असते, पण पेशंट म्हणजे माझ्यासाठी बारकोड बे. अन् रिपोर्टवर सही पॅथॉलॉजीत पीजी केलेल्या डॉक्टरचीच लागते, सुप्रीम कोर्टाने 2017 मध्येच सांगून ठेवलंय. बाबांना हे दाखव.

फिजिओताई: पेशंटच पाहिजे तर फिजिओ किंवा ऑक्युपेशनल थेरपी बघ, नीटचा स्कोअर तिथे कामी येते, वाया गेला समजू नको. आपल्या नागपूरच्या सरकारी मेडिकल कॉलेजमध्ये दोन्ही आहेत, पण सरकारी सीट कमी अन् प्रायव्हेटची फी बघून बाबांना चक्कर येईल. फिजिओच्या मागे सगळे धावतात, ऑक्युपेशनल काहून कोणी पाहत नाही समजत नाही. लकव्याचा पेशंट चालायला लागला की घरचे खुश, पण शर्टाची बटनं लावणं, घास तोंडापर्यंत नेणं, हे त्याच्याकडून पुन्हा पुन्हा करून घ्यावं लागते, अर्धा तास एका बटनावर जातो कधी कधी. तेवढा पेशन्स असेल तरच ये.

नाईटड्युटी_काकू: बेटा नर्सिंगचं नाव कोणीच घेत नाही, पेशंटजवळ चोवीस तास कोण असते मग? बीएस्सी नर्सिंग चार वर्षं, राज्याची वेगळी सीईटी असते. एम्सच्या भरतीला नॉरसेट म्हणून परीक्षा असते, आपलं नागपूरचं मिहानमधलं एम्सही त्यातच, बीएस्सीवाल्यांना अनुभव लागत नाही, जीएनएमवाल्यांना (नर्सिंगचा डिप्लोमा) दोन वर्षांचा लागतो. पैसा अन् नोकरीचा हिशेब केला तर मी माझ्या पोरीला हेच सांगितलं असतं. नाईट करून सकाळी बर्डीच्या ट्रॅफिकमधून घरी जायचं, पाय सुजतात, ते ऐकून ठेव. अन् प्रायव्हेट कॉलेजचं नर्सिंग कौन्सिलचं अॅप्रूव्हल स्वतः तपासायचं, एजंटच्या तोंडावर जाऊ नको.

संत्री_बर्फी: थँक्यू सगळ्यांना. काकू, रक्त पाहून चक्कर येत नाही मला. पण बाबा म्हणतात नर्सिंग म्हणजे "डॉक्टरच्या हाताखाली". अन् बीपीएमटी काय असते?

लॅबवाला_दादा: बीपीएमटी म्हणजे पॅरामेडिकलची डिग्री, नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाची, तीन वर्षं अन् एक वर्ष इंटर्नशिप. एक्स-रे, कॅथलॅब (हृदयाची अँजिओग्राफी करतात ती), डायलिसिस, लॅब, जी ब्रांच घेशील तेच पुढे करायचं, मधात बदलता येत नाही. डायलिसिसमध्ये तेच ते पेशंट आठवड्यातून दोन-तीनदा येतात, घरच्यासारखे होऊन जातात. माझ्यासारखी ब्रांच मात्र घेऊ नको, पुन्हा बारकोडच.

नाईटड्युटी_काकू: बाबांना म्हणा एक दिवस आयसीयूत बसून पाहा, डॉक्टर राउंड घेऊन जातात, रात्री तीन वाजता बीपी पडलं तर आधी कोण धावते ते दिसेल. सीईटीचा फॉर्म तर भरून ठेव, भरला म्हणजे घ्यावंच लागते असं थोडी आहे.