मदत हवी आहे: सीए आणि पार्टटाइम अकाउंटंटकडून नेमकं काय आणि कधी मागावं?

नमस्कार. भोसरीत शीट मेटल फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे, प्रोप्रायटरशिप. गेल्या वर्षीची उलाढाल १ कोटी ४० लाख, बँकेत कॅश क्रेडिट (साठा-येण्यांवर मिळणारी कर्जमर्यादा). टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये नोंदी करायला अकाउंटंट आठवड्यातून दोनदा येतात, रिटर्न सीएंच्या ऑफिसातून जातात. जीएसटी मासिक. सध्याच्या अडचणी: पोर्टलचा ओटीपी अकाउंटंटच्या मोबाइलवर जातो. एका ग्राहक कंपनीने 'तुमचं बिल २बीत (पोर्टलवर खरेदीदाराला दिसणारी खरेदीबिलांची यादी) दिसत नाही' म्हणून जीएसटीची रक्कम अडवली आहे. आणि वर्षाचा नफा कळतो तो थेट रिटर्न भरताना. दोघंही प्रामाणिक आहेत, बदलायचे नाहीत. त्यांच्याकडून काय मागू आणि माझ्या बाजूने काय द्यायला हवं?

ताळेबंद (पहिला प्रतिसाद)

आधी अडलेले पैसे. सीएंच्या ऑफिसातून त्या महिन्याच्या जीएसटीआर-१ ची (विक्रीबिलांच्या रिटर्नची) पीडीएफ मागवा आणि ते बिल शोधा. बहुतेक वेळा तीनपैकी एक सापडतं: बिल राहूनच गेलंय, बी-टू-सीत (जीएसटी नंबर नसलेल्या ग्राहकांच्या विक्रीत) पडलंय, किंवा कंपनीच्या दुसऱ्या राज्यातल्या प्लांटच्या जीएसटी नंबरवर गेलंय. मोठ्या कंपन्यांचा प्रत्येक राज्यात वेगळा नंबर असतो आणि टॅलीत पार्टीचं नाव सारखंच दिसतं, म्हणून ही तिसरी चूक फार होते. प्लांटनुसार वेगळं लेजर (खातं) उघडायला सांगा. दुरुस्ती पुढच्या जीएसटीआर-१ मध्ये टाकता येते. त्या आर्थिक वर्षाच्या बिलांसाठी मुदत पुढच्या ३० नोव्हेंबरपर्यंत, किंवा वार्षिक रिटर्न आधी भरलं तर तोपर्यंतच.

आता दर महिन्याचं. जीएसटीआर-१ ची शेवटची तारीख ११, म्हणून सगळी विक्रीबिलं आणि क्रेडिट नोट ५ तारखेपर्यंत अकाउंटंटच्या हातात हव्यात. ८ तारखेला त्यांच्याकडून भरण्याआधीची यादी मागा आणि फक्त पार्टी, जीएसटी नंबर, रक्कम एवढंच स्वतः पाहा. दहा मिनिटांचं काम आहे. १४ तारखेला तुमची २बी तयार होते. ती खरेदीच्या नोंदींशी जुळवून न आलेल्या बिलांची यादी १६ पर्यंत मागा. त्या पुरवठादारांना फोन मात्र तुम्हीच करा. पुढची ऑर्डर तुम्ही देणार असता, त्यामुळे तुमच्या फोनवर काम हलतं. अकाउंटंट आठवडे आठवडे मागे लागत राहतात. २० ला ३बी (महिन्याचा कर भरायचं रिटर्न) भरताना जे २बीत नाही त्याचं क्रेडिट, म्हणजे खरेदीवरच्या जीएसटीची वजावट, घेऊ नका. पुरवठादाराचं बिल १८० दिवसांत चुकतं केलं नाही तर घेतलेलं क्रेडिट व्याजासह परत करावं लागतं, म्हणून १५० दिवसांवरच्या देण्यांची यादीही सोबत मागा.

खतावणी (दुसरा प्रतिसाद)

वरच्या प्रतिसादात सगळं जीएसटीचं आलंय. सीएंचं खरं मोल आयकरात आहे आणि तिथे प्रश्न व्यवहाराच्या आधी विचारायचा असतो.

उलाढाल १ कोटीवर गेली की पुढच्या वर्षी प्रोप्रायटरलाही टीडीएस (पैसे देतानाच कापून सरकारकडे भरायचा आयकर) कापावा लागतो. हे नेमकं याच टप्प्यावर निसटतं. बाहेरून लेझर कटिंग किंवा पावडर कोटिंग करून घेत असाल तर एका बिलाला ३०,००० किंवा वर्षाला १ लाखाच्या वर गेल्यावर कापायचा: समोरचा प्रोप्रायटर असेल तर १ टक्का, कंपनी किंवा भागीदारी असेल तर २. पुढच्या महिन्याच्या ७ तारखेला भरायचा. मार्चचा ३० एप्रिलपर्यंत. कापला नाही आणि हिशेब वह्यांप्रमाणे दाखवला, तर त्या खर्चाचा ३० टक्के भाग नाकारला जातो.

तसंच उद्यम नोंदणी (लघुउद्योगांची सरकारी नोंदणी) असलेल्या सूक्ष्म-लघु उत्पादक आणि सेवा पुरवठादारांचं. लेखी करार नसेल तर १५ दिवसांत, असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यायचे. ती मुदत उलटून ३१ मार्चला बाकी राहिली तर खर्च पैसे दिल्याच्या वर्षातच मिळतो. पावडर कोटिंगवाल्याला हे लागू, पत्रा विकणाऱ्या व्यापाऱ्याला नाही. अकाउंटंटला लेजरच्या नावापुढे 'एमएसएमई' लिहायला सांगा. आणि स्वतःचा उद्यम क्रमांक तुमच्या बिलावर छापा, कारण हाच नियम तुमच्या ग्राहकालाही लागतो.

फेब्रुवारीत सीएंसोबत एक तास बसा. मोठा प्रश्न एकच: अनुमानित पद्धत की वह्यांप्रमाणे? रोख जमा ५ टक्क्यांच्या आत असेल तर अनुमानित पद्धत ३ कोटींपर्यंत घेता येते, बँकेतून आलेल्या रकमेवर किमान ६ टक्के नफा धरून. पण तेवढाच नफा दाखवला तर कॅश क्रेडिटची मर्यादा वाढवताना बँक तोच आकडा पाहते. शिवाय घेऊन पाच वर्षांच्या आत सोडली तर पुढची पाच वर्षं परत मिळत नाही, आणि उत्पन्न करपात्र असेल तर ऑडिटही लागतं. मार्च उलटल्यावर हा विचार करून फारसा उपयोग नसतो.

नफा उशिरा कळण्याचं कारण बहुधा स्टॉक. टॅलीत अखेरचा साठा टाकलेलाच नसतो. महिनाअखेरीला पत्रा, अर्धवट कामं आणि भंगार मोजून आकडा द्या. बँकेला जाणाऱ्या स्टॉक स्टेटमेंटमध्ये तोच आकडा जायला हवा. दोन ठिकाणी दोन साठे ही फार महागात पडणारी चूक आहे. भंगाराची विक्रीही बिलानेच करा.

धागाकर्ता

दोघांचेही आभार, ८ आणि १६ तारखेची यादी आजच सांगतो. लॉगिनचं राहिलं. अकाउंटंटना अविश्वास वाटू नये असं कसं करू?

ताळेबंद

वर्कशॉपच्या नावाने नवा ई-मेल उघडा आणि त्याचा वापर दोघांकडेही ठेवा, म्हणजे नोटीस दोघांनाही दिसते. मोबाइल नंबर तुमचा. पोर्टलवर सर्व्हिसेस, रजिस्ट्रेशन, मग नॉन-कोअर फील्ड्सची अमेंडमेंट. तिथे ऑथराइज्ड सिग्नेटरीच्या टॅबमध्ये दोन्ही बदला आणि ओटीपीने सबमिट करा. अकाउंटंट समोर बसलेले असतानाच करा, कारण सुरुवातीचा ओटीपी त्यांच्याच फोनवर येईल. आयकर पोर्टल आणि टीडीएसच्या ट्रेसेस पोर्टलवरही हाच ई-मेल टाका. डिजिटल सही असेल तर ती पेनड्राइव्ह तुमच्या कपाटात ठेवा. टॅलीचा बॅकअप दर शनिवारी तुमच्याकडच्या वेगळ्या डिस्कवर घ्यायला सांगा.