एमआरआयची सीडी, ऑफिसचं पोर्टल आणि माझं डोकं

वैतागलेला_मुलगा:
आईच्या गुडघ्याचा एमआरआय झाला, रिपोर्टच्या कागदासोबत एक सीडी हातात टेकवली. आता ही घालायची कुठे, लॅपटॉपला ड्राइव्हच नाही! मित्राकडून बाहेरचा ड्राइव्ह आणला तर आत सगळ्या आयएम०००१, आयएम०००२ असल्या फायली, क्लिक केलं की विचारतंय कशाने उघडू. तिकडे ऑफिसच्या मेडिकल क्लेमच्या पोर्टलला सगळे कागद एकाच पीडीएफमध्ये हवेत तेही २ एमबीच्या आत, माझी फाइल ३८ एमबीची, दाबून छोटी केली तर 'अस्पष्ट' म्हणून परत. आणि हे सगळं चालू असताना मध्येच 'पासवर्डची मुदत संपली'. आईला दवाखान्यात न्यायचं की हेच करत बसायचं? कोणीतरी मार्ग सांगा राव.

फिल्मवाली:
त्या डायकॉम फायली आहेत, म्हणजे एमआरआय-सीटीसारखी चित्रं साठवायचा वैद्यकीय प्रकार. वीसिस नावाचा फुकट व्ह्यूअर टाका, विंडोज मॅक लिनक्स सगळीकडे चालतो, त्यात अख्खा फोल्डर उघडा, एकेक फाइल उघडत बसू नका. सीडी देतात कारण एका एमआरआयमध्ये शेकड्याने चित्रं असतात आणि दुसऱ्या डॉक्टरला ती सगळी पुढेमागे सरकवून बघायची असतात, व्हॉट्सअ‍ॅपवरच्या एका फोटोत काय कळणार कप्पाळ. आणि हो, कुठल्यातरी अनोळखी वेबसाइटवर चढवू नका, त्या फायलींच्या आत पेशंटचं नाव, जन्मतारीख सगळं असतं.

कागदी_घोडा:
क्लेमला सहसा ती चित्रं लागतच नाहीत हो, लेखी रिपोर्ट, बिलं आणि डॉक्टरची चिठ्ठी बास. एकदा एचआरला विचारून घ्या. ३८ एमबी म्हणजे ३०० डीपीआयला (एका इंचात किती ठिपके) रंगीत स्कॅन केलेलं दिसतंय. १५० ला आणा, पिक्सेल थेट पाव होतात, आणि रंगीतऐवजी ग्रेस्केल, म्हणजे करड्या छटांमध्ये. नुसतं ब्लॅक अँड व्हाइट करू नका, पुसट शिक्का गायब होतो आणि मग पुन्हा तेच 'अस्पष्ट'. जे बिल ईमेलने पीडीएफ आलंय ते प्रिंट काढून परत स्कॅन करायचं नाही, आहे तसंच जोडायचं. आमच्या ऑफिसात निम्मे लोक हेच करतात, का ते देवाला ठाऊक.

जुना_खोड:
पासवर्डचं तर बोलूच नका. दर ठरावीक दिवसांनी बदला, एक कॅपिटल, एक आकडा, एक चिन्ह, ज्यांनी २००३ मध्ये अमेरिकेच्या एनआयएसटी या सरकारी मानक संस्थेसाठी हे लिहिलं ते बिल बर नावाचे गृहस्थ २०१७ मध्ये स्वतःच म्हणाले की त्यातल्या बऱ्याच गोष्टींचा पश्चात्ताप होतो. त्याच वर्षी एनआयएसटीने नियम बदलले, पासवर्ड फुटल्याचा पुरावा नसेल तर उगाच बदलायला लावू नका म्हणून. आमच्या आयटीला लिंक पाठवली, उत्तर आलं 'पॉलिसी आहे'. सगळे आपले जुन्याच पासवर्डपुढचा आकडा एकाने वाढवतात, ही यांची सुरक्षा.

वैतागलेला_मुलगा:
@फिल्मवाली ताई उघडली सीडी, खूप आभार! @कागदी_घोडा ग्रेस्केलने १.८ एमबीवर आली, अपलोड पण झाली. आता पोर्टल म्हणतंय फाइलच्या नावात स्पेस चालत नाही.

कागदी_घोडा:
कंसही काढा. तोही चालत नाही, फक्त ते सांगत नाहीत.