आपोआप कट करणारं टूल वाक्याचा शेवटच खातंय, काय करावं?

ओसरी: मंडळी, गावाकडच्या वयस्कर लोकांशी 1972 च्या दुष्काळाबद्दल बोलून रेकॉर्ड करतोय. एकेक फाइल दीड-दोन तासांची, मधे मोठमोठे पॉज, आणि डोक्यावर पंखा. ऑडॅसिटीत (आवाज एडिट करायचं सॉफ्टवेअर) ट्रंकेट सायलेन्स, म्हणजे शांत जागा आखडणारा इफेक्ट, लावला की सगळे घाईघाईत बोलल्यासारखे वाटतात आणि नॉइज गेट (ठरावीक पातळीखालचा आवाज दाबणारा) लावला की वाक्याची शेपटी गायब, कारण आपलं क्रियापद शेवटी येतं आणि म्हातारी माणसं आवाज नेमका तिथेच खाली सोडतात. "आम्ही खडी फोडायला जायचो" यातलं "जायचो" उडतंच. नुसती आवाजाची पातळी न बघता माणूस बोलतोय का हे ओळखणारं काही आहे का?

मिक्सरवाला: आधी गेट नीट लावून बघा. रीपर या ऑडिओ सॉफ्टवेअरमधला रीगेट हा गेट घ्या, त्यात हिस्टेरेसिस असतं, म्हणजे गेट उघडायची पातळी एक आणि बंद व्हायची त्याहून खालची, सहा डीबीचा (डेसिबलचा) फरक ठेवलात तर पडता आवाज मधेच तुटत नाही. होल्ड (आवाज पडल्यावरही गेट उघडं राहायचा वेळ) 200 मिलिसेकंद, रिलीज (हळूहळू बंद व्हायचा वेळ) 300 च्या आसपास, प्री-ओपन (गेट जरा आधीच उघडणं) थोडं द्या म्हणजे "ह" आणि "स" ची सुरुवात वाचते. डिटेक्टरला, म्हणजे गेटच्या आवाज मोजणाऱ्या भागाला, 100 हर्ट्झचा हायपास (त्याखालचे घुमणारे आवाज गाळणारा फिल्टर) लावा, पंख्याच्या घुमण्याने गेट उघडणार नाही. आणि पूर्ण शांतता करूच नका!! पंखा एकदम गायब होऊन परत आला की तो जास्तच कानात घुसतो, 10-12 डीबी खाली गेला तरी पुष्कळ झालं.

कोडकर: तुम्ही म्हणताय ते व्हीएडी, म्हणजे बोलणं ओळखणारं मॉडेल. सिलेरो व्हीएडी फुकट आहे, साध्या लॅपटॉपवर चालतं, 16 किलोहर्ट्झला सॅम्पल केलेल्या आवाजाचे छोटे छोटे तुकडे घेऊन प्रत्येकात बोलणं असण्याची शक्यता काढतं, त्यामुळे हळू आवाजातलं "जायचो" पण सहसा सापडतं. फक्त मूळ सेटिंग वापरू नका. बोलण्याच्या दोन्ही बाजूंना ते जेमतेम 30 मिलिसेकंद ठेवतं आणि 100 मिलिसेकंदांच्या शांततेवर तुकडा पाडतं, ते मी 250 आणि 1500 करतो. शिवाय वेळा काढायच्या त्या नॉइज कमी केलेल्या कॉपीवरून, पण कट मूळ फाइलवर, म्हणजे आवाज पत्र्यासारखा होत नाही.

ओसरी: हे भारी आहे, कॉपीवरून वेळा काढायचं डोक्यात आलंच नव्हतं. पण हुंदका, हसणं, नुसतं "हं" हे ओळखतं का ते?

कोडकर: भरवसा नाही. शब्द नसले की बऱ्याचदा सोडून देतं, कोणी मधेच ओवी म्हणायला लागलं तरी गडबडतं.

जुना_रेडिओ: म्हणूनच माझं ठाम मत आहे की अशा मुलाखतीत टूलला कापू द्यायचं नाही, नुसत्या खुणा करू द्यायच्या. त्या वेळा ऑडॅसिटीत लेबल म्हणून इम्पोर्ट होतात, मग प्रत्येक खूण ऐकून ठरवा. प्रश्न विचारल्यावर आजी गप्प राहिल्या तर ते गप्प राहणं हेच उत्तर असतं, ते सहा सेकंद तसेच ठेवा. कुकरची शिट्टी, फोन, तुमचं कागद चाळणं ते खुशाल उडवा, जोडताना 15-20 मिलिसेकंदांचा क्रॉसफेड (एक तुकडा विरत असताना दुसरा चढवणं) द्या. आणि मूळ वेव्ह फाइल दोन ठिकाणी जपून ठेवा, ही माणसं परत तेच सांगायला बसतील असं नाही.