शहराच्या सामूहिक निधीने अनुदान प्रकल्पाला द्यावे की संस्थेला?

शहरवासी (चर्चेचा प्रस्ताव)

एका शहरातील अनेक दात्यांच्या लहानमोठ्या देणग्या एकत्र गुंतवायच्या आणि त्यांच्या उत्पन्नातून त्याच शहरातील सेवाभावी संस्थांना अनुदान द्यायचे, ही सामूहिक निधीची पद्धत शंभर वर्षांहून जुनी आहे. फ्रेडरिक गॉफ या बँकेच्या प्रमुखाने १९१४ साली अमेरिकेतील क्लीव्हलंड शहरात ती सुरू केली. दात्याने मृत्युपत्रात घातलेली अट कालांतराने निरर्थक झाली की पैसा असूनही तो कोणाच्या उपयोगी पडत नाही, ही अडचण त्यांना सोडवायची होती. सेंट लुईसचे माजी महापौर ब्रायन मुल्लानफी १८५१ साली वारले, तेव्हा त्यांनी संपत्तीचा तिसरा हिस्सा पश्चिमेकडे वस्ती करायला निघालेल्या गरीब वाटसरूंच्या मदतीसाठी ठेवला होता. पुढे रेल्वे आली, असे वाटसरू दिसेनासे झाले आणि निधी मात्र शिल्लक राहिला. यावर गॉफ यांनी मार्ग काढला तो असा, की दात्याच्या इच्छेचा मान राखावा, परंतु ती कालबाह्य झाल्यास उद्देश बदलण्याचा अधिकार शहरातील समितीकडे असावा.

दात्याच्या अटींबाबत इतका दूरचा विचार करणाऱ्या या निधींनी संस्थांना अनुदान देताना मात्र अटींचेच जाळे विणावे, याचे मला वाईट वाटते. अनुदान बहुधा एका वर्षाचे आणि एका प्रकल्पापुरते असते, आणि आस्थापना खर्चाची मर्यादा आधीच ठरलेली असते. घरातून बेदखल होऊ घातलेल्या भाडेकरूंना कायदेशीर सल्ला देणारे केंद्र घ्या. वकिलाच्या मानधनासाठी पैसे मिळतात. पण दूरध्वनी घेणारी, कागदपत्रे लावून ठेवणारी आणि घाबरलेल्या माणसाला तारखेची आठवण करून देणारी व्यक्ती कोणत्याही प्रकल्पात बसत नाही, आणि तिच्यावाचून वकिलाचे काम उभे राहत नाही. म्हणून माझे स्पष्ट मत आहे, की सामूहिक निधीने निदान निम्मी अनुदाने संस्थेच्या कामावर विश्वास ठेवून, विनाअट आणि किमान तीन वर्षांसाठी द्यावीत.

हिशेबनीस

मी सहमत नाही. निधीचे विश्वस्त जो पैसा वाटतात तो त्यांचा नसतो, आणि तो कशासाठी दिला हे सांगता येणे ही त्यांची पहिली जबाबदारी आहे. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की विनाअट अनुदान देताना समिती संस्थेची पत पाहते, आणि पत असते ती जुन्या, मोठ्या, आधीच ओळख असलेल्या संस्थांकडे. चार जणांनी वस्तीत नुकत्याच सुरू केलेल्या गटाला दाखवायला एक नेमके, मर्यादित काम एवढेच असते. त्या गटासाठी प्रकल्प-अनुदान हेच पहिले दार आहे. दूरध्वनी घेणाऱ्या व्यक्तीचा पगार महत्त्वाचा आहे हे मान्य. मग त्याचा रास्त वाटा प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात उघडपणे धरावा आणि निधीने तो पूर्ण द्यावा. त्यासाठी हिशेबाची चौकट मोडण्याची गरज नाही.

कार्यकर्ती

निवारा केंद्र चालवणाऱ्या संस्थेत मी काम केले आहे. पैसे कशासाठी मिळतात, इतकाच ते केव्हा मिळतात हाही प्रश्न असतो. शासनाचा करार असला तरी रक्कम बहुतेक वेळा काम झाल्यावर येते, आणि तोवर पगार थांबवता येत नाहीत. न्यूयॉर्कमध्ये फोर्ड फाउंडेशनने १९६८ साली स्थापन केलेला ‘फंड फॉर द सिटी ऑफ न्यूयॉर्क’ अशा मधल्या काळासाठी संस्थांना बिनव्याजी कर्ज देतो. परत आलेली तीच रक्कम पुढच्या संस्थेला देता येते. सामूहिक निधींनी हे काम अधिक मोठ्या प्रमाणावर का करू नये?

वाटसरू

अनुदान विनाअट द्या, असे निधीला सांगण्याआधी निधीकडेच विनाअट पैसा किती असतो ते पाहायला हवे. दाता रक्कम देतो, करसवलत त्याच वेळी घेतो आणि ती कोणाला द्यावी याचा सल्ला नंतर सवडीने देत राहतो, अशी खाती १९३१ साली ‘न्यूयॉर्क कम्युनिटी ट्रस्ट’ या न्यूयॉर्कच्या सामूहिक निधीत सुरू झाली आणि आता सर्वत्र पसरली आहेत. अमेरिकेतील खासगी प्रतिष्ठानांना दरवर्षी मालमत्तेच्या साधारण ५ टक्के रक्कम वाटावी लागते. या सल्ल्याच्या खात्यांवर तसे कायदेशीर बंधन नाही. म्हणजे निधीच्या नावावर मोठी रक्कम दिसते, पण शहराची गरज पाहून समितीला स्वतः ठरवता येईल असा पैसा त्यातला एक भागच असतो.

शिवाय मुद्दल जपण्याचा आग्रहही मला पटत नाही. अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत कृष्णवर्णीय मुलांसाठी सुमारे ५००० शाळा उभारायला मदत करणारे जूलियस रोझेनवाल्ड कायमनिधीच्या, म्हणजे मुद्दल न खर्चता केवळ उत्पन्न वाटण्याच्या पद्धतीच्या, विरोधात होते. आपल्या मृत्यूनंतर २५ वर्षांच्या आत सगळी रक्कम खर्च व्हावी, अशी अटच त्यांनी घातली. ते १९३२ साली वारले आणि त्यांचा निधी १९४८ साली काम आटोपून बंद झाला. आजच्या मुलांची गरज आज भागवायची, की तो पैसा पन्नास वर्षांनंतरच्या शहरासाठी राखायचा, याचे उत्तर प्रत्येक निधीने द्यायला हवे.

हिशेबनीस

सल्ल्याच्या खात्यांना मुदत हवी, हे मला मान्य आहे. मुद्दल संपवण्याला मात्र माझा विरोध आहे, कारण शहरावरची संकटे एका पिढीत संपत नाहीत. ११ सप्टेंबर २००१ रोजी हल्ला झाला त्याच दिवशी न्यूयॉर्क कम्युनिटी ट्रस्ट आणि सेवाभावी कामांसाठी देणग्या गोळा करणारी संस्था युनायटेड वे यांनी ‘सप्टेंबर ११ फंड’ स्थापन केला. त्यात ५३ कोटी ४० लाख डॉलर जमले आणि २००४ च्या अखेरीस त्याचे काम पूर्ण झाले. मार्च २०२० मध्ये साथ आली, तेव्हा संस्थांना अनुदाने आणि बिनव्याजी कर्जे देण्यासाठी उभारलेला संयुक्त निधीही याच ट्रस्टमार्फत चालला. संस्थांची माहिती असलेले, त्यांचे हिशेब आधी पाहिलेले कार्यालय जागेवर होते म्हणून हे जमले, आणि असे कार्यालय कायमनिधीवाचून टिकत नाही.

शहरवासी

हिशेबनीस यांच्या उदाहरणातच माझ्या म्हणण्याचा पुरावा आहे. मार्च २०२० मध्ये अमेरिकेतील शेकडो अनुदानदात्यांनी जाहीर प्रतिज्ञेवर सह्या करून चालू अनुदानांच्या अटी शिथिल करण्याचे, नवी अनुदाने शक्य तितकी विनाअट देण्याचे आणि अहवालांचा बोजा कमी करण्याचे मान्य केले. अटींमुळे काम अडते, हे त्यांना ठाऊक होते, असाच याचा अर्थ होतो. शिवाय जे कार्यालय कायम टिकावे म्हणून आपण मुद्दल राखायला सांगता, त्याच्या भाड्याची आणि पगारांची सोय कायमनिधीतून होते; मग संस्थेने तेवढीच स्थिरता मागितली तर तिच्याकडून प्रकल्पाचे नाव का मागावे? लहान गटांचा मुद्दा मला महत्त्वाचा वाटतो. त्यांच्यासाठी छोट्या रकमेची वेगळी प्रकल्प-अनुदाने जरूर राखून ठेवावीत; माझी मागणी निम्म्याच अनुदानांपुरती आहे.

हिशेबनीस

संकटात दिलेली सवलत नेहमीचा नियम व्हावी, हे मला अजून पटलेले नाही. मात्र ज्या निधींनी २०२० मध्ये अटी काढल्या, त्यांच्याकडे त्या अनुदानांचे हिशेब आहेत. कोणत्या संस्थेने तो पैसा कशावर वापरला आणि लहान गटांच्या वाट्याला त्यातले किती आले, हे प्रत्येक निधीने जाहीर करावे. लहान गट मागे पडले नाहीत असे त्यातून दिसले, तर निम्म्या अनुदानांचा आपला प्रस्ताव मी विश्वस्तांपुढे स्वतः मांडेन.