मदत हवी आहे: बीडीएसएम म्हणजे सेक्स आलाच का?

नाव न देता विचारतेय. रत्नागिरीची, वय ३६, लग्नाला ९ वर्षं. आमच्या आळीत एका घरात शिंकलं की चौथ्या घरात कळतं, त्यामुळे मैत्रिणींशी बोलायची सोय नाही.

गेल्या पावसाळ्यात नवऱ्याशी नीट बोलून आम्ही बीडीएसएम, म्हणजे दोघांच्या संमतीने बांधणं, ताबा देणं-घेणं वगैरे, सुरू केलं. दोरी सुती, मिरकरवाड्याच्या जेटीवर मिळते तसली नायलॉनची नाही, ती काचते. गाठीखाली दोन बोटं जातील एवढी सैल, उशाशी कात्री, आणि थांबायचा शब्द 'कोकम'. (हसू येतं, पण दोरी लगेच सुटते.) हात बांधले की माझं डोकं एकदम शांत होतं. बाहेर पत्र्यावर पाऊस आणि नवऱ्याचा आवाज, बस्स. नंतर पांघरूण, गरम पेज, गप्पा. सेक्स मला तेव्हा नकोच असतो.

तो विचारतो, "मग हे कशासाठी गो?" चिडून नाही, त्याला खरंच कळत नाही.

आयसीडी-११ मध्ये (जागतिक आरोग्य संघटनेची आजारांची यादी) परस्परसंमतीच्या अशा गोष्टी आजारात धरत नाहीत, असेक्शुअल, म्हणजे ज्यांना लैंगिक आकर्षण फारसं वाटत नाही अशी माणसंही हे करतात, एवढं वाचलंय. पण ते वाचून त्याचं समाधान कसं होणार?

ज्यांनी दोन्ही वेगळं ठेवलंय, त्यांनी जोडीदाराशी कसं ठरवलं? वार वेगळे ठेवलेत की दर वेळी आधी विचारता? मराठीत बोलणारे, नाक न मुरडणारे समुपदेशक ऑनलाइन असतील तर सुचवा.

आणि इनबॉक्समध्ये "मी शिकवतो" म्हणून येणाऱ्यांनी कृपया येऊ नये.