मदत हवी आहे: गाजर गवत खाणारे मेक्सिकन भुंगे गोव्यात कुठे मिळतील?

डिचोलीत आमच्या कुळागराला (माड-पोफळींच्या बागेला) लागून असलेल्या पडीक जागेत गाजर गवत बेसुमार माजलंय. उपटलं की आईच्या हातांना पुरळ उठतं. तणनाशक मारायचं नाही, उताराला विहीर आहे.

मेक्सिकोहून आणून १९८४मध्ये बंगळुरूला सोडलेल्या झायगोग्रामा भुंग्यांबद्दल वाचलं. अळी आणि भुंगा दोघंही पानं फस्त करतात, पावसाळा सरला की जमिनीत सुप्त राहतात आणि पुढच्या पावसात वर येतात. मला हाच उपाय पटतोय.

गोव्यात कुणी सोडलेत का? आणायचे कुठून, सोडायचे कधी? आपल्या धो धो पावसात अळ्या टिकतात का? सूर्यफुलावर ते दिसल्यावरून पूर्वी वाद झाला होता. शेजारच्या काकी परसात सूर्यफुलं लावतात, म्हणून प्रत्यक्ष अनुभव असलेल्यांनी कृपया सांगा.