जुना अ‍ॅनालॉग सिंथ: वरच्या सप्तकात एकच ऑसिलेटर उतरतो, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

1970च्या दशकाच्या अखेरचा एक अ‍ॅनालॉग सिंथेसायझर हाती आला आहे. एका वेळी एकच सूर वाजतो, ऑसिलेटर (सूर निर्माण करणारे भाग) दोन, मेमरीची भानगड नाही. ऐंशीच्या दशकातल्या धाटणीचं संगीत करायचं आहे: खाली सिक्वेन्सरवर (सूर ओळीने आपोआप वाजवणारी सोय) धावणारा बास, वर लांबवलेली धून. बास झकास निघतो. दोन्ही ऑसिलेटर सॉटूथवर (करवतीच्या दातांसारखी लहर), दुसरा किंचित चढा, फिल्टर निम्मा मिटलेला आणि दर सुराला एन्व्हलपने (सुरागणिक चढउतार घडवणारा भाग) उघडणारा. एवढ्यात काम होतं.

घोडं पेंड खातं ते धून वाजवताना. मधल्या सी वर ट्यूनर लावून दोन्ही जुळवले की तिथे एकजीव. दोन सप्तकं वर गेलं की दुसरा ऑसिलेटर सुमारे 20 सेंट (अर्ध्या सुराचा शंभरावा भाग म्हणजे एक सेंट) उतरलेला, दोन सप्तकं खाली आलं की तेवढाच चढलेला. पहिला मात्र सगळीकडे ठीक. सिंथ बराच वेळ चालू ठेवूनही फरक तेवढाच राहतो.

एका परिचितांचं म्हणणं, सगळे कपॅसिटर बदलून टाका. खरंच गरज आहे का? की जुन्या यंत्राचा स्वभाव म्हणून सोडून द्यावं? आत बरेच प्रीसेट (स्क्रूड्रायव्हरने फिरवायचे छोटे नॉब) आहेत, त्यांना हात लावायचं धाडस होत नाही. जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद 1

स्वभाव नाही, स्केल (किती व्होल्टेजला किती सूर चढावा याचं माप) बिघडली आहे. अशा बहुतेक सिंथमध्ये कीबोर्डकडून येणारं व्होल्टेज 1 व्होल्टने वाढलं की वारंवारता दुप्पट, म्हणजे एक सप्तक. अर्ध्या सुराला 83.3 मिलिव्होल्ट. पहिला ऑसिलेटर त्याच व्होल्टेजवर नीट चालतोय, म्हणजे कीबोर्ड निर्दोष. दुसऱ्याच्या एक्स्पोनेन्शियल कन्व्हर्टरला (व्होल्टेजवरून वारंवारता ठरवणारा भाग) तेच व्होल्टेज थोडं कमी मापाने पोचतंय. चार सप्तकांत 40 सेंट म्हणजे एक टक्क्याहूनही कमी, तेव्हा प्रीसेट जेमतेम हलवावा लागेल.

पहिला ऑसिलेटर मिक्सरवर बंद करा. सिंथ अर्धा तास तापू द्या, पंखा बंद, कारण त्या कन्व्हर्टरमधली ट्रान्झिस्टरची जोडी वाऱ्याच्या झुळकीनेही हलते. खालचा सी दाबून ट्यून नॉबने शून्यावर आणा. दोन सप्तकं वरचा सी दाबा, उतरलेला दिसेल. स्केलचा प्रीसेट केसभर फिरवा. आता खालचाही सरकला असेल, तो पुन्हा नॉबने शून्यावर. असं खालीवर करत राहायचं. कंटाळवाणं काम आहे, पण याला दुसरा रस्ता नाही.

प्रतिसाद 2

कपॅसिटरचा सल्ला म्हणजे आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. पॉवर सप्लायमधले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर वाळतात हे खरं, पण सप्लाय डळमळीत असता तर दोन्ही ऑसिलेटर बिघडले असते आणि बहुधा गुणगुणही आली असती. मीटर हाताशी असेल तर सप्लायची व्होल्टेज तेवढी मोजून घ्या. ऑसिलेटरची वारंवारता ठरवणारा टायमिंग कपॅसिटर तर अजिबात काढू नका. तो बरेचदा पॉलिस्टायरीनचा, तापमानाला न डगमगणारा असतो. घाईत दुसरा लावला तर सगळं ट्यूनिंग नव्याने करत बसाल. आणि झाकण उघडून चालू ठेवणार असाल तर घरच्या विजेची जोडणी येते त्या (मेनच्या) बाजूला बोटं नेऊ नका, प्लास्टिकचा स्क्रूड्रायव्हर वापरा.

प्रतिसाद 3

एक वेगळी गोष्ट. स्केल बरोबर आल्यावरही धून वर गेली की ती जास्त थरथरेल, तेव्हा पुन्हा प्रीसेट पिळू नका. दोघांत 4 सेंटचं अंतर ठेवलं तर 220 हर्ट्झवर साधारण दोन सेकंदांत एक ठोका (आवाजाचा एक चढउतार) पडतो, 880 वर सेकंदाला दोन. बासला शोभणारं अंतर धुनेला जास्त होतं. माझ्या मते धून रेकॉर्ड करताना ते निम्मं करावं. अगदी काटेकोर सूर हवा असेल तर 1984च्या जुनो-106 सारखे डिजिटल घड्याळावर चालणारे ऑसिलेटर आहेत, पण मग ही थरथरीची मजा कोरस इफेक्टकडून उसनी घ्यावी लागते.

धागाकर्ता

सर्वांचे आभार. सप्लायची व्होल्टेज स्थिर आहेत. पण दुसऱ्या ऑसिलेटरपाशी 'विड्थ' लिहिलेला एकच प्रीसेट वाचता येतोय. तो पल्स विड्थचा (पल्स लहरीची रुंदी बदलणारा) तर नाही ना?

प्रतिसाद 1

काही कंपन्या स्केललाच विड्थ लिहितात. वेव्ह पल्सवर ठेवा, आधीची जागा मार्करने खूण करा आणि किंचित फिरवा. सूर हलला तर तोच. नुसता आवाजाचा पोत बदलला तर पूर्ववत करा.

धागाकर्ता

सूर हलला! आता चारही सप्तकांत फरक 2 सेंटच्या आत आहे. फक्त अगदी वरचे तीन-चार सूर अजून जरा उतरलेले वाटतात.

प्रतिसाद 1

तो वेगळा दोष. सॉटूथ दर फेरीला शून्यावर यायला ठरावीक वेळ घेते. फेरी आखूड झाली की तोच वेळ जड पडतो आणि सूर उतरतो. काही सिंथमध्ये त्यासाठी 'हाय' किंवा 'एचएफ' असा वेगळा प्रीसेट असतो. सापडला तर स्केलनंतर तो लावा. नसेल तर राहू द्या, स्केलवर त्याची भरपाई करायला गेलात तर मधली सप्तकं बिघडतील.